चित्रपट, दूरदर्शन आणि प्रेक्षक : मुंबईच्या अनुभवाचा एक अभ्यास

१

मराठी माणूस सिनेमाला जातो आणि टी. व्ही. लावतो. या दोन क्रियापदांतील भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि प्रस्तुत विषयाचे मर्म बहुतांशी त्यातच सामावलेले आहे. देवाला जाणे, लग्नाला जाणे, नाटकाला जाणे या प्रयोगांच्या पंगतीत सिनेमाला जाणे हा प्रयोग बसतो. या सर्व प्रयोगांत घर सोडणे, ठरलेल्या जागी पोहोचणे आणि तेथे इतरांच्या समवेत काही काळ घालविणे गृहीत धरलेले असते. 'लावणे' हे क्रियापद मात्र घरातले आहे. दिवा लावतात, रेडिओ लावतात, तसाच टी. व्ही. लावतात. लावलेली वस्तू घरात असते, आणि ती लावणारा माणूस जागचा हललेला नसतो.

चित्रपट आणि दूरदर्शन यांची तुलना करताना सामान्यतः पडद्याच्या आकाराकडे, चित्राच्या सुस्पष्टतेकडे अथवा कलाकृतीच्या दर्जाकडे बोट दाखविले जाते. हे भेद खरे आहेत. परंतु ते यंत्राचे भेद आहेत, आणि यंत्रे बदलतात तसे तेही बदलतात. प्रेक्षकाशी जडणाऱ्या संबंधाचा विचार करावयाचा तर दोन साधे प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न असा की, कोण कोणाकडे जातो? दुसरा असा की, कोण कोणासाठी थांबतो? चित्रपट प्रेक्षकाला आपल्याकडे बोलावतो, पण वेळेच्या बाबतीत त्याच्यासाठी थांबतो. आजचा खेळ चुकला तर उद्याचा असतो. दूरदर्शन स्वतः प्रेक्षकाकडे येते, पण निदान आपल्या पहिल्या काळात ते कोणासाठी थांबत नसे. स्थळाचे कष्ट एकाने प्रेक्षकावर टाकले, काळाचे बंधन दुसऱ्याने. या अदलाबदलीतून यजमान कोण आणि पाहुणा कोण हे ठरले, आणि त्यावरून प्रेक्षकाचा हक्क, त्याचा संकोच व त्याची निष्ठा यांना निरनिराळे आकार आले.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मुंबई हे उत्तम क्षेत्र होय. भारतात चित्रपटाचा पहिला खेळ येथे झाला, आणि दिल्लीनंतरचे देशातील दुसरे दूरदर्शन केंद्रही येथेच निघाले. त्यातही शहराच्या मध्यभागापेक्षा कांजूरमार्गासारख्या उपनगराकडून पाहिले असता हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. मध्य रेल्वेवरील विक्रोळी व भांडुप या स्थानकांच्या मधला हा भाग. लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने, त्यांत पाळ्यांनी काम करणारा कामगारवर्ग, चाळी, वसाहती आणि पलीकडे पवईची तंत्रशिक्षणसंस्था असे त्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्वरूप होते. दादर-गिरगावची नामांकित चित्रगृहे येथून दूर होती आणि वरळीचा प्रक्षेपण-मनोराही दूरच होता. मात्र पहिल्या अंतरासाठी गाडी पकडावी लागे, दुसऱ्यासाठी काहीच करावे लागत नसे.

२

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. दर एक रुपया होता. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले, आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यात आले. पडदानशीन स्त्रिया व त्यांच्या कुटुंबियांसाठी स्वतंत्र कक्षही राखून ठेवले गेले. म्हणजे पुढे चित्रगृहाची म्हणून जी व्यवस्था रूढ झाली, तिची सर्व अंगे पहिल्या महिन्यातच उपस्थित होती : ठरलेली जागा, ठरलेली वेळ, दिलेल्या पैशानुसार बसण्याचे स्थान, आणि स्त्रियांच्या येण्याबद्दलची चिंता.

या व्यवस्थेचा गाभा तिकीट हा होय. तिकीट म्हणजे एक छोटासा करार. पैसे मोजणाऱ्याला ठराविक काळापुरती एक जागा मिळते, आणि त्या जागेबद्दल तो कोणाचाही मिंधा नसतो. चित्रगृहात वर्गभेद होताच. पुढच्या बाकावरचा आणि बाल्कनीतला असे प्रेक्षक निराळे बसत. परंतु ज्याने चार आणे दिले त्याला चार आण्यांच्या जागेवरून उठवण्याचा अधिकार कोणासही नव्हता. दिवे मालवले की शेजारी कोण बसले आहे हा प्रश्न काही काळ मागे पडे. ज्या समाजात कोणी कोणाशेजारी बसावे याचे निर्बंध कडक होते, तेथे अनोळखी माणसांच्या या अंधारातील एकत्र बसण्याला सामाजिक अर्थ होता.

शासनानेही हा संबंध जागेच्या अंगानेच ओळखला. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटाला प्रमाणपत्र आणि प्रदर्शनाच्या जागेला परवाना अशी दुहेरी अट घातली. त्या काळची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे आग हे भय खरे होते. परंतु जमाव हेही भयाचे दुसरे कारण होते. १९५२ च्या कायद्यानेही जागेच्या परवान्याचे तत्त्व कायम ठेवले. याउलट रेडिओ व दूरदर्शन यांच्या बाबतीत परवाना घ्यावा लागे तो संचाचा, आणि तो पोस्टात मिळे. १९८० च्या दशकात ही परवानापद्धती बंद झाली. पण तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने चित्रपटाचा प्रेक्षक हा एखाद्या इमारतीतील जमावाचा घटक होता, तर दूरदर्शनचा प्रेक्षक हा एका यंत्राचा परवानाधारक गृहस्थ होता.

जमावाला स्वतःचे बळ असते. १९७१ साली दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात जागा मिळावी म्हणून शिवसेनेने आंदोलन केले, आणि चित्रपट तेथे लागला. या प्रसंगाचे राजकीय मूल्यमापन येथे प्रस्तुत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, चित्रपटाविषयीची मागणी एका दारापुढे उभी राहू शकते, कारण चित्रपटाला दार असते. दूरदर्शनविषयी असंतुष्ट असलेला प्रेक्षक बहुधा पत्र लिहितो, अथवा संच बंद करतो.

चित्रपट प्रेक्षकाकडे कधी गेलाच नाही असे मात्र नाही. जत्रांच्या मोसमात महाराष्ट्रभर तंबूतले सिनेमे फिरत. सार्वजनिक गणेशोत्सवात चाळीच्या पटांगणात कापडी पडदा बांधून चित्रपट दाखविले जात, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. परंतु या दोन्ही प्रकारांत चित्रपट गावापर्यंत किंवा चाळीपर्यंत आला, घरापर्यंत आला नाही. तंबूलाही दार होते आणि पटांगणातही प्रेक्षकाला घराचा उंबरठा ओलांडून यावे लागे. उंबरठ्याच्या आत येण्याचे काम दुसऱ्याच माध्यमाने केले.

३

भारतातील दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्र सुरू झाले. पुढल्या वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्यालाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले.

१९७० च्या दशकातील कांजूरमार्गच्या कामगाराच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काय होता? नवा मराठी चित्रपट पाहावयाचा तर दादरचे प्लाझा अथवा लालबागचे भारतमाता ही ठरलेली ठिकाणे होती. कांजूरमार्गला धीमी गाडी पकडून विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव आणि माटुंगा ही स्थानके ओलांडली म्हणजे दादर येई. कुटुंबासह जावयाचे तर तिकिटांबरोबर गाडीभाडे, मुलांचे खाणे आणि परतीची गर्दी यांचा हिशेब करावा लागे. सिनेमाला जाणे हा म्हणूनच एक बेत असे. त्यासाठी सुट्टी, पैसे आणि बरे कपडे यांची तयारी लागे. दूरदर्शनसाठी छपरावर एक ॲंटेना उभारून तिचे तोंड नैर्ऋत्येला, वरळीच्या दिशेला फिरविले की पुरे. कावळा बसून ॲंटेना हलली तर चित्र बिघडे, आणि घरातील एकाने गच्चीवर व दुसऱ्याने खिडकीत उभे राहून 'आले, गेले' असा संवाद करीत ते पुन्हा जागेवर आणावे लागे. प्रेक्षकाचे श्रम एवढेच.

परंतु स्थळाची ही सवलत काळाच्या बदल्यात मिळाली होती. कारखान्याच्या तीन पाळ्यांचा विचार केला म्हणजे हे ध्यानात येते. दुसऱ्या पाळीचा कामगार साधारणतः दुपारी तीनच्या सुमारास आत जाई आणि रात्री अकराच्या सुमारास बाहेर पडे. चित्रगृहात तीन, सहा व नऊ असे खेळ असत, कित्येक ठिकाणी दुपारी बाराचाही असे. पाळी बदलली की माणूस खेळ बदलून घेई. एक आठवडा चुकला तर चित्रपट पुढल्या आठवड्यात असे, आणि लोकप्रिय असेल तर महिनोन् महिने असे. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, याचा एक अर्थ असा की वर्षभरात ज्याला जेव्हा सवड झाली तेव्हा त्याने तो पाहिला. संध्याकाळचे दूरदर्शन मात्र दुसऱ्या पाळीच्या कामगाराला जवळजवळ संपूर्णपणे पारखे होते. मुंबई केंद्रावर 'कामगार विश्व' या नावाचा कामगारांसाठीचा कार्यक्रम होता. पण ज्याची पाळी त्या वेळी चालू असेल त्याच्या घरी तो कार्यक्रम पोहोचे आणि त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. घर आणि घरातला माणूस हे दोन निराळे प्रेक्षक आहेत, ही गोष्ट कारखान्यांच्या वस्तीइतकी अन्यत्र क्वचितच उघड झाली असेल.

याचा दुसरा परिणाम असा झाला की, दूरदर्शनने घरातील वेळापत्रकाला वळण लावले. आठवड्याच्या कार्यक्रमांची माहिती देणारी 'साप्ताहिकी' हीच एक पाहण्याजोगी गोष्ट ठरली, कारण तिच्यावरून कुटुंबाचा आठवडा आखला जाई. शनिवारचा मराठी चित्रपट, रविवारचा हिंदी चित्रपट आणि 'छायागीत' यांच्या वेळा स्वयंपाकाला, अभ्यासाला आणि पाहुण्यांच्या येण्याजाण्याला बांधून टाकू लागल्या. चित्रपटासाठी माणूस आठवड्यातून वेळ काढीत असे. दूरदर्शनने आठवड्यालाच आपल्याभोवती बसविले.

४

दूरदर्शन घरात आले हे विधान पहिल्या दशकापुरते तरी जपून करावे लागते. देशात दूरदर्शनचा आरंभ घरगुती नव्हताच. दिल्लीच्या प्रारंभीच्या प्रक्षेपणाचे प्रेक्षक सामुदायिक संचांपुढे बसणारे गट होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जो शैक्षणिक प्रयोग झाला, त्यातही संच गावाचा होता. मुंबई केंद्रावरील आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप' या कार्यक्रमाभोवती प्रेक्षकांची मंडळे निघाली, हेही याच दिशेचे उदाहरण होय. लोकांनी एकत्र बसून पाहावे, मग चर्चा करावी आणि काही काम उभारावे, अशी अपेक्षा त्यामागे होती.

चाळीत मात्र सामुदायिकतेचे निराळे रूप दिसले. संच महाग होता. मजल्यावर तो एखाद्याच बिऱ्हाडी असे. रविवारी संध्याकाळी त्या बिऱ्हाडाची खोली भरून जाई. मुले जमिनीवर, बाया भिंतीला टेकून, उरलेले दारात आणि खिडकीबाहेर अशी व्यवस्था आपोआप होई. वरवर पाहता हे एक छोटे चित्रगृहच होते. तथापि एक मूलभूत फरक होता : येथे तिकीट नव्हते. तिकीट नव्हते म्हणून हक्कही नव्हता. ज्याच्या घरी संच तो यजमान, आणि बाकीचे त्याच्या मर्जीने आलेले. घरमालकाला जेवायचे असेल, मुलाची परीक्षा असेल, शेजाऱ्याशी नळावरून बोलाचाली झाली असेल, तर दार लोटून घेतले जाई. लोटलेल्या दाराच्या फटीतून पाहणाऱ्या मुलाला जे कळत असे ते चार आण्यांच्या बाकावर बसणाऱ्याला कळण्याचे कारण नव्हते. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत निराळ्या नाण्यात मोजावी लागते, हा तो धडा. अनेक मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांनी हप्त्याने संच घेतला त्यामागे करमणुकीच्या हौसेइतकाच, आपल्या मुलांनी दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये हा स्वाभिमानही होता.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिकिटाने मिळणारे स्वातंत्र्य सर्वांना सारखे उपलब्ध नव्हते. १८९६ सालच्या राखीव कक्षापासून पुढे कित्येक दशके, स्त्रीने सिनेमाला जाणे हे कोणाबरोबर, कोणत्या खेळाला आणि कोणाच्या परवानगीने या अटींनी बांधलेले होते. नऊचा खेळ सुटल्यावर धीम्या गाडीने कांजूरमार्गला परतणे हे पुरुषाला जितके सोपे तितके एकट्या स्त्रीला नव्हते. घरातील वृद्धांना, आजाऱ्यांना आणि लहान मुलांच्या आईला चित्रगृह जवळजवळ बंदच होते. या सर्वांना दूरदर्शनने प्रथमच नियमित प्रेक्षक केले. चाळीतल्या शेजाऱ्याच्या खोलीत ओशाळे होऊन बसावे लागले तरी तेथे जाण्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नसे. हक्काच्या दृष्टीने जो तोटा होता, तोच प्रवेशाच्या दृष्टीने लाभ होता. दोन माध्यमांपैकी एकाला लोकशाहीचे आणि दुसऱ्याला परावलंबनाचे असे लेबल लावता येत नाही, ते यामुळेच.

५

पाहुणा घरी आला म्हणजे तो यजमानाकडे पाहून बोलतो. चित्रपट आणि दूरदर्शन यांच्यातील दृष्टीच्या दिशेचा भेद या रीतीने समजून घेता येतो. चित्रपटातील पात्रे सामान्यतः एकमेकांकडे पाहतात. प्रेक्षक त्यांच्या जगाच्या बाहेर, अंधारात असतो, आणि आपण पाहिले जात नाही या खात्रीमुळेच तो निःसंकोच रडतो अथवा हसतो. दूरदर्शनवरचा निवेदक कॅमेऱ्याकडे पाहतो, म्हणजे घरातील प्रत्येकाकडे पाहतो, आणि नमस्कार करतो. नमस्काराला नमस्काराने उत्तर देणारी वृद्ध माणसे त्या काळी घरोघर होती, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पाहुण्याशी कसे वागावे याची जी रीत त्यांना ठाऊक होती, तीच त्यांनी या नव्या पाहुण्याला लावली.

दोन कलावंतांच्या प्रवासावरून हा भेद अधिक स्पष्ट होतो. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. हातातील कागदावरून मान वर करून प्रेक्षकाकडे पाहणारा त्यांचा चेहरा प्रथम घराघरांत गेला, आणि त्यानंतर १९७५ साली श्याम बेनेगल यांच्या 'चरणदास चोर' व 'निशांत' या चित्रपटांतून तो पडद्यावर आला. 'जैत रे जैत' (१९७७), 'भूमिका' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांतील त्यांचा चेहरा प्रेक्षकाला संबोधीत नाही. तो स्वतःत मग्न असतो, आणि प्रेक्षकालाच त्याच्याकडे जावे लागते. चेहरा तोच, दृष्टीची दिशा बदलली, आणि परिचयाच्या जागी गूढता आली.

अशोककुमार यांचा प्रवास नेमका उलट झाला. 'किस्मत' (१९४३) सारख्या चित्रपटांनी ज्यांना पडद्यावरचे दूरस्थ नायक केले, ते ७ जुलै १९८४ पासून सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षकांपुढे येऊन त्यांच्याशी बोलू लागले. काय घडले, त्याचा अर्थ काय, पुढे काय होईल, असे ते घरातल्या वडीलधाऱ्याच्या सुरात विचारीत. प्रेक्षकांनी लाखो पत्रे पाठविली. पात्रांना सल्ले दिले, त्यांच्या लग्नांविषयी आग्रह धरला. चित्रपटाच्या नायकालाही चाहत्यांची पत्रे जात, पण ती कौतुकाची असत. घरात येऊन प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणे हा निराळा व्यवहार होय. चित्रपट संपल्यावर प्रेक्षक निघून जातो. येथे कथा संपलेली नसे आणि प्रेक्षकही गेलेला नसे.

६

एकच विषय दोन्ही माध्यमांतून गेला असता काय होते, याचे एक चांगले उदाहरण मराठीत उपलब्ध आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ हे विनोदी पुस्तकांतून घराघरांत पोहोचलेले नायक. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'लग्न पाहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या बोलपटांतून दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली. लेखक १९६३ साली निवर्तले. त्यानंतर, १९७० च्या दशकात, मुंबई दूरदर्शनने चिमणरावांवर मालिका केली. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. १९७९ साली विनय धुमाळे यांच्या दिग्दर्शनाखाली याच दोघांना घेऊन 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट निघाला. म्हणजे ही पात्रे पुस्तकातून पडद्यावर, पडद्यावरून संचात आणि संचातून पुन्हा पडद्यावर गेली.

चिमणराव हा मुळातच चाळीतला, कारकुनी पेशाचा, संसाराच्या लहानसहान अडचणींत सापडणारा गृहस्थ. बायको काऊ, मुले मोरू व मैना, आणि अडचणीत भर घालणारा गुंड्याभाऊ एवढे त्याचे जग. बोलपटात त्याला एका अखंड कथानकाची गरज लागली; लग्न जुळविण्यासारखा एखादा मोठा प्रसंग घेऊन दोन-अडीच तासांत तो शेवटास न्यावा लागला, आणि शेकडो माणसांना एकाच वेळी हसविण्याइतका अभिनय ठसठशीत ठेवावा लागला. चित्रगृहातील हसू हे सांसर्गिक असते. एकाने सुरुवात केली की सभागृह हसते, आणि नटाला त्या हास्यासाठी जागा ठेवावी लागते. दूरदर्शनवर हे बंधन उरले नाही. भाग लहान होते, प्रसंग किरकोळ चालत, कारण पुढच्या खेपेस चिमणराव पुन्हा येणारच होता. पडद्याच्या उंचीवर जो मोठा दिसला असता तो येथे संचाच्या काचेत वितीएवढा झाला, आणि चाळीच्या खोलीतल्या माणसांनी आपल्यासारख्याच खोलीत राहणाऱ्या माणसाकडे पाहिले. शेजाऱ्याच्या घरी बसून शेजाऱ्यासारख्या माणसाची फजिती पाहणे, हा अनुभव या विनोदाच्या जातीला फार मानवणारा होता.

अशा परिचित पात्राला पुन्हा चित्रगृहात नेताना एक नवा प्रश्न उभा राहतो. जो नियमाने घरी येतो त्याला भेटण्यासाठी गाडी पकडून, तिकीट काढून का जावे? या प्रश्नाचे उत्तर पुढील प्रत्येक निर्मात्याला शोधावे लागले आहे. घरच्या पडद्यावर जे मिळत नाही ते चित्रगृहात दिले पाहिजे, या जाणिवेतून चित्रपटाने भव्यतेची वाट अधिकाधिक धरली. लहान माणसाची लहान गोष्ट हळूहळू मालिकांकडे गेली.

७

माध्यमांचा भेद सर्वात तीव्रतेने दिसतो तो भक्तीच्या क्षेत्रात. धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला, आणि १९१७ साली 'लंकादहन' आला. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, पायताणे काढून ठेवीत, अशा आठवणी त्या काळाविषयी सांगितल्या जातात. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका दाखविली गेली. तिचे चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातेतील उंबरगाव येथे झाले. त्या वेळी रस्ते ओस पडत. लोक स्नान करून संचापुढे बसत, संचाला हार घालीत, उदबत्ती ओवाळीत.

दोन्ही प्रसंगी श्रद्धा एकच होती. तिची रीत मात्र माध्यमाप्रमाणे वेगळी झाली. १९१७ च्या प्रेक्षकाने चित्रगृहाला देऊळ मानले : तो तेथे गेला, दाराशी पायताणे काढली, दर्शन घेतले आणि परतला. १९८७ च्या प्रेक्षकाने संचाला देवघर मानले : देव घरी आले, म्हणून घर स्वच्छ झाले, कुटुंब गोळा झाले आणि पूजा घरच्या रीतीने झाली. देवळातील दर्शन आणि घरातील पूजा यांचा भेद मराठी समाजाला पूर्वापार ठाऊक होता; दोन माध्यमांनी त्या दोन तयार वाटा उचलल्या. मात्र एक गोष्ट अपूर्व घडली. देवळात माणसे निरनिराळ्या वेळी जातात. येथे एकाच क्षणी सारा देश आपापल्या घरात बसून तेच पाहत होता. एकमेकांना न दिसणारा एवढा मोठा मेळावा चित्रपटाला कधीच जमविता आला नव्हता. त्याचे सामर्थ्य, आणि त्या सामर्थ्याचा सार्वजनिक जीवनावरील परिणाम, यांविषयी अभ्यासकांत तेव्हापासून चर्चा चालू आहे.

८

येथवर वर्णिलेली घडी पुढे फार काळ टिकली नाही. १९८० च्या दशकात व्हिडिओ आला, आणि घरचा पडदा प्रेक्षकासाठी थांबू लागला. केबलवाल्यांनी इमारतीइमारतींत तारा ओढल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टी. व्ही. आणि १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी या वाहिन्या सुरू झाल्या, आणि साप्ताहिक भेटीची जागा रोजच्या भेटीने घेतली. कार्यक्रमांची पुनःप्रक्षेपणे होऊ लागली, तेव्हा दुसऱ्या पाळीच्या कामगाराची जुनी तक्रारही मिटली. पण एव्हाना कांजूर-भांडुप-विक्रोळी पट्ट्यातील कित्येक कारखान्यांच्या पाळ्याच बंद पडत चालल्या होत्या. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांजूरमार्गातच, लालबहादूर शास्त्री मार्गावरील हुमा मॉलमध्ये, बहुपडदा चित्रगृह निघाले. दादरची गाडी न पकडता चित्रपट पाहण्याची सोय झाली, परंतु चार आण्यांचा बाक तेथे नव्हता. अंतर कमी झाले आणि दर वाढला. अनोळखी माणसांचे एकत्र बसणे उरले, मात्र ती माणसे पूर्वीइतकी निरनिराळ्या थरांतली राहिली नाहीत.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रगृहे बंद झाली, आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविण्यास प्रारंभ केला. त्या मालिकेला पुन्हा प्रचंड प्रेक्षक मिळाला. घराबाहेर जाण्याची बंदी असताना जुन्या पाहुण्याला दिलेले हे आमंत्रण होते. ठरल्या वेळी सर्वांनी एकच गोष्ट पाहण्याची सवय, जी संपली असे समजले जात होते, ती थोड्या काळासाठी परत आली. घराबाहेर अनोळखी लोकांत बसण्याची सोय मात्र कोणत्याही प्रक्षेपणाने परत आणता आली नाही.

या इतिहासावरून निष्कर्ष काढावयाचा तो असा. चित्रपट व दूरदर्शन यांचा प्रेक्षकसंबंध यंत्राच्या गुणांनी ठरत नाही. तो यजमानपद कोणाकडे आहे यावरून ठरतो. चित्रगृहात प्रेक्षक हा पैसे मोजून आलेला पाहुणा असतो. त्याला बंधने असतात, पण त्याची जागा त्याच्या हक्काची असते, आणि त्याच्या शेजारी त्याने न निवडलेला माणूस असतो. दूरदर्शनपुढे प्रेक्षक यजमान असतो. त्याला पाहुण्याला परत पाठविण्याची मुभा असते, परंतु त्याच्या घरात त्याने निवडलेलीच माणसे असतात. पहिल्या व्यवस्थेने ज्यांना बाहेर ठेवले त्या स्त्रिया, वृद्ध व मुले यांना दुसरीने आत घेतले. दुसरीने जो संच नसलेल्यांना मिंधे केले, त्या मिंधेपणापासून पहिली मुक्त होती. आज हातातील फोनवर चित्र येते आणि थांबतेही; म्हणजे जागेचे कष्ट गेले आणि काळाचे बंधनही गेले. त्याबरोबर ज्याच्यासाठी जावे असे ठिकाण आणि ज्याच्यासाठी घरी थांबावे असा पाहुणा, दोन्ही मागे पडत आहेत. मुंबईच्या कामगार उपनगरांनी शंभराहून अधिक वर्षांत पाहण्याच्या दोन सार्वजनिक रीती घडविल्या. तिसऱ्या रीतीत पाहणाऱ्याच्या शेजारी कोण बसेल, याचे उत्तर अद्याप घडावयाचे आहे.